चौदा नंबरचा तारा

शाळेतली पोरं बाईंना 'पट्टेवाल्या बाई' म्हणत. पाठीमागे म्हणत, पण इतक्या मोठ्यानं म्हणत की त्या पाठीमागेपणाला काही अर्थ उरला नव्हता. नव्यानं आलेले पालक मात्र घाबरायचे. त्यांना वाटायचं, ही बाई पोरांना कमरेच्या पट्ट्यानं झोडपत असणार. बावीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी कुणावर पट्टा सोडा, साधी पट्टीही उगारली नव्हती. त्यांचे पट्टे उजेडाचे होते. एक काळा, एक लाल, एक काळा, एक लाल, असे केसासारखे बारीक. ते दुर्बिणीत दिसले की बाई खूश व्हायच्या आणि दिसेनासे झाले की त्याहून खूश व्हायच्या. ही दुसरी खुशी लोकांना समजावून सांगता सांगता त्यांचं अर्धं आयुष्य गेलं.

पण झाडावर मुळाकडून चढावं. मूळ होतं शाळेच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे. तिथं बाईंच्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. एक मशिन, एक कापायचं टेबल, एक इस्त्री आणि उरलेल्या जागेत स्वतः टेलरमास्तर. टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात बाई लहानाच्या मोठ्या झाल्या.

मास्तरांचं नाव होतं ते पट्टेरी शर्टाच्या खिशासाठी. शर्टावरचा पट्टा खिशावरून असा अखंड पुढे जायचा की खिसा आहे हे हात घातल्यावरच कळायचं. एकदा एक गिऱ्हाईक तावातावानं परत आलं. "मास्तर, खिशाचं कापड खाल्लंत! खिसा कुठाय?" मास्तरांनी फीत खाली ठेवली. गिऱ्हाइकाच्या हातातला रुमाल घेतला आणि त्याच्याच छातीवर नाहीसा करून दाखवला. माणूस आधी छाती चाचपत बसला, मग हसत बसला, आणि जाताना आणखी दोन शर्ट टाकून गेला.

बाई नऊ वर्षांच्या असतील. दिवेलागणीला दुकानाच्या दारातून समोरच्या छपरावर एक तारा दिसायचा. एके दिवशी टेबलाखालून प्रश्न आला, "बाबा, त्या ताऱ्याची कंबर किती असेल?"

मास्तरांच्या ओठांत टाचण्या धरलेल्या. त्यांच्यामधूनच ते म्हणाले, "येऊ दे दुकानात, घेऊ माप."

"आणि नाही आला तर?"

"दुकानात येत नाही त्याचं माप नसतं, पोरी. फीत काय मी इथून फेकू?"

झालं. एवढंच बोलणं. मास्तर विसरले, तारा तर मुळात ऐकतच नव्हता. पण पोरीच्या मनात ती टाचणी अडकली ती अडकलीच.

पुढे पोरगी शिकली आणि समोरच्याच शाळेत पदार्थविज्ञानाची शिक्षिका झाली. शाळेच्या ग्रंथालयात पाठीचा कणा मोडलेलं एक जुनं पुस्तक तिच्या हाती लागलं. त्यात लिहिलं होतं की तारा दुर्बिणीत नुसता ठिपका दिसतो, दुर्बीण कितीही वाढवा, ठिपका तो ठिपकाच. पण त्याचा उजेड दोन वेगळ्या फटींतून आत घ्या आणि एकत्र मिसळा. त्या उजेडात पट्टे उमटतात. मग फटी एकमेकींपासून हळूहळू लांब न्या. पट्टे फिके होत जातात आणि एका ठरावीक अंतरावर साफ मावळतात. ते अंतर मोजा. ताऱ्याची रुंदी त्यात लपलेली असते. म्हणजे फीत इथून फेकता येत होती! त्या आनंदात बाई दुसऱ्याच वर्गात शिरल्या आणि अख्खा तास शिकवून आल्या. पोरंही इतकी लबाड की एकानं तोंड उघडलं नाही. त्यांचा गणिताचा तास बुडत होता.

खरा तारा वर्गात आणणं शक्य नव्हतं, म्हणून बाईंनी खोटा केला. तळमजल्यावर चोवीस मीटर लांबीचा पॅसेज होता. त्याच्या एका टोकाला पत्र्याच्या डब्यात दिवा, दिव्यापुढे लाल काच आणि काचेपुढे पातळ पत्र्याला पाडलेलं एक बारीक भोक. तो तारा. दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या नळाजवळ, शाळेची जुनी दुर्बीण. तिच्या तोंडावर दोन फटी, दाढीच्या पात्यांच्या कडा एकमेकींजवळ आणून केलेल्या. त्या फटी बाईंनी बारीक मापं घेणाऱ्या मोडक्या व्हर्नियरच्या दोन जबड्यांवर बसवल्या होत्या, म्हणजे चाक फिरवलं की फटी लांब जाणार आणि किती लांब गेल्या ते लगेच वाचता येणार. खिडक्यांना काळं अस्तर लावलं की दिवसाढवळ्या पॅसेजमध्ये डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना.

हिशोबही सोपा करून ठेवला होता. पॅसेजची लांबी, लाल उजेडाच्या लहरीची लांबी आणि गोल भोकासाठीचा एक ठरीव आकडा, या तिघांचा गुणाकार येतो साडेसतरा. पट्टे मावळले तेव्हा फटींमध्ये जितके मिलिमीटर अंतर असेल, त्यानं साडेसतराला भागायचं. भोकाची रुंदी मिलिमीटरमध्ये हजर.

आता बाईंची फजिती ऐका. पहिलं भोक त्यांनी घरच्या खिळ्यानं पाडलं आणि अंदाजानं ठरवलं, अर्धा मिलिमीटर. म्हणजे पट्टे पस्तिसाला मावळायला हवेत. पण ते सोळालाच गेले. बाईंनी वहीत लिहिलं, 'पट्टे गेले. पुन्हा करणे.' भिंग पुसलं. पुन्हा सोळा. स्क्रू आवळले. सव्वासोळा. टेबल हलतं म्हणून शिपाईकाकांना बोलल्या; काकांनी टेबलाखाली चार घड्यांचा पुठ्ठा सारला, वर म्हणाले, "बाई, टेबल काय, आता मीपण हलत नाही." सोळाच! अकरा वेळा वहीत तेच वाक्य. बाराव्यांदा ते लिहिताना बाईंचं लक्ष वरच्या अकरा आकड्यांकडे गेलं. चूक अशी ओळीनं एकसारखी होते कुठं? त्यांनी उठून भोक मोजलं. एक पूर्णांक एक मिलिमीटर! साडेसतरा भागिले सोळा, बरोबर तेच. अकरा वेळा तारा खरं सांगत होता आणि बाई त्याला खोटं पाडत होत्या.

यात दोष एकट्या बाईंचा नव्हता. प्रयोगशाळांची रीतच तशी. प्रयोगवहीत 'निरीक्षण : काही दिसले नाही' असं लिहिलं की लाल रेघ, शून्य, आणि वर 'पुन्हा करा'. पिढ्यान् पिढ्या पोरांना शिकवलेलं, की दिसलं तर प्रयोग, नाही दिसलं तर फजिती. म्हणून कित्येक पोरं न दिसलेलंही शेजाऱ्याच्या वहीत पाहून लिहीत. बाईंच्या प्रयोगात सगळी गंमत त्या न दिसण्यात होती. लोकांच्या गळी ते कसं उतरवायचं?

ते उतरवलं टेलरमास्तरांच्या चिंध्यांनी. बाईंनी पातळ पट्टेरी कापडाचे दोन तुकडे आणले, एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या उजेडासमोर धरले. पट्ट्यावर पट्टा आला तेव्हा पट्टे ठसठशीत दिसले. मग वरचा तुकडा अर्ध्या पट्ट्यानं सरकवला. काळ्याच्या फटीत काळा गेला आणि सगळं कापड एकसारखं करडं झालं.

"भोकाचा डावा काठ आपले पट्टे पाडतो, उजवा काठ आपले. दोघांचे किंचित सरकलेले," बाई म्हणाल्या. "फटी लांब नेल्या की पट्टे बारीक होतात. मग तेवढ्याशा सरकण्यानंही गोंधळ होतो आणि सगळं करडं. भोक जेवढं लहान, तेवढ्या फटी लांब न्याव्या लागतात."

"मग खऱ्या ताऱ्याला किती लांब?" हे विचारणारा वर्गातला शंकासुर. त्याला जेवणाच्या सुट्टीतही शंका यायच्या.

"शंभर शंभर पावलं. एका दुर्बिणीत मावत नाही, म्हणून मग दोन दुर्बिणी मांडतात आणि दोघींचा उजेड एकत्र आणतात."

"आणि मध्ये पाऊस आला तर?"

"मग तू छत्री घेऊन जायचंस. बस खाली!"

चाकावर मात्र बसायची एक मुलगी. तिला सगळे गोगलगाय म्हणत. जिना उतरायला जिला पाच मिनिटं लागत, तिच्या हातात ते चाक दिल्यावर कळलं की देवानं ती बोटं कशासाठी घडवली होती. चाक एवढंसं फिरवायची, थांबायची, श्वास सोडायची, पुन्हा बघायची. इतरांचे आकडे मिलिमीटरनं पुढेमागे होत, हिचे नाही.

त्या वर्षी बाईंनी धाडस केलं. आठ मुलांच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी नेहमीच्या लंबकाऐवजी हाच प्रयोग लिहून पाठवला. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला.

"बाई, लंबक काय वाईट होता? बिचारा इकडून तिकडे जातो, कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"सर, मुलांना येतंय हे."

"येतंय हो. पण बाहेरचे परीक्षक कोण येतायत माहीत आहे? लाल पेन!" लाल पेन हे त्या गृहस्थांचं टोपणनाव. त्यांनी एका शाळेत शिक्षकाच्याच नमुना-उत्तरात चुका काढल्या होत्या, अशी ख्याती. "त्यांनी मानलं तर ठीक. नाही मानलं तर आठही जणांना प्रात्यक्षिकात शून्य, आता अर्ज बदलता येत नाही. आणि पॅसेजमधलं ते काळं अस्तर त्याच दिवशी उतरवायचं. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण परीक्षेच्या दिवशी सकाळी जेवणाचा डबा घरीच विसरून आल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

लाल पेन आले. उंच, सडपातळ, खिशाला खरोखरच लाल पेन. त्यांनी दिव्याचा डबा पाहिला, दुर्बीण पाहिली, वह्या पाहिल्या. मग म्हणाले, "भोकं कुणी पाडलीत?"

"मी," बाई म्हणाल्या.

"मापंही तुम्हालाच माहीत. म्हणजे तारे तुमच्या घरचे आणि फीतही तुमच्या घरची! असं नाही चालायचं. मी माझा तारा घेऊन येतो." एक कोरा पातळ पत्रा उचलून ते फाटकाबाहेर गेले. दहा मिनिटांनी परत आले. शिपाईकाकांखेरीज सगळ्यांना दूर उभं करून त्यांनी स्वतः पत्रा डब्यावर बसवला आणि दिवा लावला. अंधारात दूर एक लाल टिंब उगवलं.

गोगलगाय स्टुलावर बसली. आठ मिलिमीटर. "पट्टे ठळक." बारा. "आहेत." सोळा. "फिके." अठरा. "अगदी फिके." मग चाक इतकं हळू फिरू लागलं की मुख्याध्यापकांना वाटलं, पोरगी झोपली.

"एकोणीस पूर्णांक पाच," ती म्हणाली. "सर, या. बघा."

लाल पेन वाकले. एक डोळा मिटला, मग दुसरा मिटून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. "लाल डाग आहे. बाकी काही दिसत नाही."

"हो सर."

"हो काय? काही दिसत नाही म्हणतोय मी!" त्यांनी तिची वही ओढली. तिथं तिनं आधीच सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'निरीक्षण : काही दिसले नाही.' त्यांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. टोपण निघाल्याचा टक् असा आवाज अंधारात सगळ्यांनी ऐकला. मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले. बाई एक पाऊल पुढे आल्या आणि थांबल्या. परीक्षा चालू असताना शिक्षकानं बोलायचं नाही, हा नियम.

बोलला तो शंकासुर. "सर, एक शंका आहे."

"परीक्षेत शंका मी विचारतो."

"तेच म्हणतोय, विचारा ना! प्रयोग फसला असता, दुर्बीण बिघडली असती, तर पट्टे परत आले नसते. चाक तुम्हीच मागे फिरवा. मग पुढे पार सव्वीसपर्यंत न्या. बघा तरी!"

लाल पेनांनी टोपण लावलं. पेन दातात धरलं आणि चाक मागे फिरवलं. पट्टे आले. पुढे नेलं, गेले. आणखी पुढे नेलं. सव्विसाच्या सुमारास अगदी अशक्त, उपाशी, पण पट्टेच! पुन्हा मागे, पुन्हा पुढे. पाच मिनिटं पॅसेजमध्ये फक्त चाकाची बारीक करकर. शेवटी पेन दातात धरूनच ते पुटपुटले, "एकोणीस पूर्णांक चार... बरं. साडेएकोणीस धरा. तर मग?"

आठही जणांनी एका सुरात भागाकार केला. "शून्य पूर्णांक नऊ मिलिमीटर!"

लाल पेनांनी खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत एक सुई होती, भोक पाडलेली. स्क्रू गेजच्या जबड्यात ती धरून दिव्याजवळ नेली आणि आकडा वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला. "नऊ," ते म्हणाले. आवाजातला लाल रंग थोडा उतरला होता.

पोरं ओरडणार, तेवढ्यात दारातलं अस्तर बाजूला झालं आणि उजेडाबरोबर एक म्हातारा आत आला. गळ्यात फीत, हातात जेवणाचा डबा.

"अहो साहेब, सुई! दहा मिनिटांत देतो म्हणालात. माझ्या मशिनची सुई काढून नेलीत, अर्धी बाही तशीच लोंबतेय!"

"बाबा?" बाईंच्या तोंडून निघालं.

"तू पण इथंच? हा घे, डबा विसरलीस."

लाल पेनांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, परत म्हाताऱ्याकडे पाहिलं. "हे तुमचे वडील? म्हणजे मी शोधून शोधून आणलेला ताराही तुमच्या घरचाच!"

बाईंना वाटलं, हातातोंडाशी आलेला घास गेला. खरं तर लाल पेनांनाच फाटकासमोर पहिलं दुकान दिसलं होतं ते हे. त्यात बाईंचा काय दोष? पण शंकेला शेपूट लावायला वेळ लागत नाही.

"मास्तर," लाल पेन म्हणाले, "सकाळपासून मुलीशी बोललात?"

"बोललो असतो तर डबा राहिला असता का?"

शंकासुर फिसकन हसला. लाल पेन हसले नाहीत. "सर," बाई पुढे झाल्या, नियम मोडून, "दुसरा तारा करा. तुमच्या हातानं. बाबांनीही बघायचं नाही."

मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात सुयांची पाकिटं नेहमीचीच. लाल पेनांनी सगळी घेतली, पाठ फिरवली, पॅसेजच्या टोकाला जाऊन स्वतः एक सुई निवडली आणि नव्या पत्र्यातून आरपार घालून गोल फिरवली. मास्तरांना तिथूनही राहवेना. "सावकाश! वाकडी कराल!"

दिवा लागला. गोगलगाय पुन्हा स्टुलावर. या वेळी एकोणीस आले आणि पट्टे आहेतच. वीस, आहेत. एकवीस, आहेत. मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "गेलं वाटतं सगळं." बाई मात्र अंधारात हसत होत्या. पट्टे लवकर मावळत नव्हते, म्हणजे भोक आधीपेक्षा लहान होतं. तारा बोलत होता आणि या वेळी बाईंना पहिल्याच खेपेला ऐकू येत होतं.

"तेवीस पूर्णांक चार," गोगलगाय म्हणाली. "काही दिसत नाही!" आणि आयुष्यात पहिल्यांदा ती मोठ्यानं ओरडली.

लाल पेनांनी पाहिलं. काही दिसलं नाही. "भागाकार?"

"पाऊण मिलिमीटर!"

"पाऊण?" मागून मास्तरांचा आवाज आला. "मग अकरा नंबर काढलीत तुम्ही. पाकिटावर बघा, पंचाहत्तर लिहिलंय, मिलिमीटरचा शंभरावा भाग धरून. आणि मघाची चौदा नंबर, तिच्या पाकिटावर नव्वद."

लाल पेनांनी मूठ उघडली. पाकीट दिव्यापाशी धरलं. पंचाहत्तर आणि अकरा, दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापलेले. चोवीस मीटरवरून, हात न लावता, आठ पोरांनी सुईचा नंबर सांगितला होता!

मग जो गलका झाला तो रस्त्यापलीकडे गेला. शिपाईकाकांनी घंटेचा टोल दिला, त्यामुळे वरच्या मजल्यावरचे दोन वर्ग पंचवीस मिनिटं आधी सुटले. मुख्याध्यापक प्रत्येकाला सांगत होते, "मी पहिल्यापासून म्हणत होतो!" लाल पेनांनी गोगलगायीची वही पुन्हा मागितली. 'निरीक्षण : काही दिसले नाही' या ओळीखाली त्यांनी लाल रेघ मारली, सवय कुठं जाते, आणि रेघेखाली लिहिलं, 'अचूक. पैकीच्या पैकी.' मग उरलेल्या सात वह्या मागवल्या.

"अस्तर?" बाईंनी मुख्याध्यापकांना विचारलं.

"अस्तराला हात लावून दाखवा कुणी!" ते म्हणाले.

या सगळ्यात मास्तर दुर्बिणीपाशी कधी जाऊन बसले ते कुणाला कळलं नाही. गोगलगायीनं त्यांच्यासाठी चाक मागे फिरवलं. म्हातारा बराच वेळ पाहत राहिला.

"पट्टे आहेत गं."

"आता बघा, आजोबा." तिनं चाक पुढे नेलं.

"गेले! एकदम साफ." मास्तरांनी डोळा न काढताच विचारलं, "आणि हे आकाशातल्या खऱ्या ताऱ्यालाही लागू होतं?"

"होतं, बाबा," बाई म्हणाल्या. "तो दुकानात न येताही."

मास्तरांनी मान वर केली. टाचण्यांमधून बोललेलं ते वाक्य चाळीस वर्षांनी त्यांना आठवलं. त्यांनी गळ्यातली फीत काढली, तिची घडी घातली आणि मुलीच्या हातात ठेवली. मग लाल पेनांकडे वळून म्हणाले, "साहेब, तेवढी चौदा नंबर द्या आता. गिऱ्हाईक पाचला येतंय, बाही लोंबतेय."